ओयदिपौसचे पाप कोणते?

ग्रीक शोकांतिका शिकविताना एक सूत्र फार सोयीचे पडते : नायक थोर, त्याच्या ठायी एक दोष, आणि त्या दोषाबद्दल देवांनी दिलेली शिक्षा. सेमिनरीत आम्हीही हेच घोकले, पुढे प्रवचनांतूनही सांगितले. सॉफोक्लीसचे जे नाटक पु. ल. देशपांडे यांनी 'राजा ओयदिपौस' या नावाने मराठीत आणले, ते पुन्हा वाचताना मात्र हे सूत्र टिकत नाही, असे आम्हांस वाटू लागले.

ऑक्सफर्डला ग्रीकचे अध्यापन केलेले ई. आर. डॉड्स यांनी १९६६ सालच्या एका निबंधात या सूत्राचा चांगलाच समाचार घेतला. राजा संतापी आहे, संशयी आहे, हे ते नाकारीत नाहीत. परंतु पुत्राच्या हातून पित्याचा मृत्यू होईल, ही देववाणी त्याच्या जन्मापूर्वीचीच. मग त्याचा पुढचा संताप तिचे कारण कसा ठरावा? ईस्किलसच्या नाटकात अपोलो पित्याला अपत्य न होऊ देण्याविषयी बजावतो. सॉफोक्लीसने ती अटच गाळली.

घोळ झाला तो 'हमार्तिया' या शब्दामुळे. नव्या करारात त्याचा अर्थ पाप. ॲरिस्टॉटल मात्र 'काव्यशास्त्रा'च्या तेराव्या प्रकरणात स्पष्ट म्हणतो, की नायकाचा पात दुष्टपणामुळे होत नाही; 'हमार्तिया'मुळे, म्हणजे चुकीमुळे, होतो. ओयदिपौसने ओळखण्यात चूक केली, पाप नव्हे.

मग तो देवांच्या हातचे बाहुले काय? तसेही नाही. बर्नार्ड नॉक्स यांनी १९५७ साली दाखवून दिले, की रंगमंचावर घडते ते सत्यशोधन, आणि ते सर्वस्वी त्याचे स्वतःचे आहे. द्रष्टा, राणी, मेंढपाळ, सारे त्याला थांबण्याची विनवणी करतात. तो थांबत नाही. तेच त्याचे मोठेपण.

येथवर आम्ही या विद्वानांचे ऋणी आहोत. मात्र देव मानवी अर्थाने न्यायी नसले तरी पूज्यच, ही सॉफोक्लीसची श्रद्धा म्हणून डॉड्स जी सांगतात, तेथे आमचे पाऊल थांबत नाही. इ. स. पूर्व ४०१ मध्ये रंगमंचावर आलेल्या त्याच्या अखेरच्या नाटकात ख्रिस्ती कृपा शोधणेही आम्हांस घाईचे वाटते. देव त्या वृद्धाला बोलावतो खरा. पण त्याच्याबरोबर रडत नाही, आणि वृद्धही मुलांना शाप देऊनच जातो.

योहानाच्या नवव्या अध्यायात जन्मांधाकडे पाहून शिष्य विचारतात, पाप कोणाचे? तेथील क्रियापद याच 'हमार्तिया'च्या कुळातले. प्रभूने तो प्रश्नच फेटाळला. तरीही घरात मूल आजारी पडले, की दाराशी आलेले आप्तजन आजही तोच प्रश्न कुजबुजतात, आणि आईच्या कानांवर तो पडतो. आमच्या जुन्या प्रवचनांनीही त्याला खतपाणी घातले असेल, याची आम्हांस खंत आहे. एका अख्रिस्ती नाटककाराने आम्हांस शुभवर्तमानाकडे परत पाठविले, हे त्याचे उपकार.