संहिता आणि तिची प्रत

अमेरिकेतील माउंटन व्ह्यू येथील कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियमने फेब्रुवारी 2013 मध्ये ‘फोटोशॉप’च्या 1.0.1 या, 1990 सालच्या, आवृत्तीची मूळ संहिता, म्हणजे सोर्स कोड, आपल्या संकेतस्थळावर वाचकांना उपलब्ध करून दिली. 179 फाइली, सुमारे 1,28,000 ओळी. बहुतेक भाग पास्कल भाषेत, काही असेम्ब्लीत. एवढी व्याप्ती, आणि या आवृत्तीला थॉमस नोल हा एकच अभियंता! टीपा अगदी तुरळक आहेत. तथापि रचना इतकी नेटकी की अभ्यासकाला त्यांची उणीव फारशी भासू नये.

ही संहिता जशी आहे तशी मात्र चालविता येत नाही. ॲपलकडून परवान्याने घेतलेली ‘मॅकॲप’ ही लायब्ररी तीतून वगळलेली आहे. संग्रहालयाने ही गोष्ट लपविलेली नाही, आणि आम्हीही हे न्यून गौणच मानतो. वाचावयास जे हवे ते येथे आहे.

आमचा आक्षेप परवान्याच्या अटीवर आहे. वाचकाने संहिता बिगर-व्यापारी उपयोगासाठी उतरवून घ्यावी, परंतु तिची प्रत अन्यत्र प्रसिद्ध करू नये, असे ती अट सांगते. जुने ग्रंथ टिकले ते नकलून घेणाऱ्यांमुळे. एका गावची पोथी कसरीने खाल्ली तरी दुसऱ्या गावची उरे. येथे जतनाच्या त्या साधनालाच मज्जाव आहे. ॲडोबीची अनुमती नसती तर एवढेही हाती आले नसते, हे मान्य. तरीही निदान अन्य संग्रहालयांना प्रत ठेवण्याची मुभा त्या परवान्यात असावयास हवी होती.