मोरपिसांचा टोप

दिवाळी जवळ आली की इचोड्याच्या आसपासच्या राजगोंड वस्त्यांत दंडारीचे ढोल वाजू लागतात. अंगाला राख, खांद्यावर हरणाचे कातडे, हाती दंड आणि मस्तकी मोरपिसांचा भव्य टोप, असा गुसाडी गावोगाव नाचतो. हा नुसता वेश नव्हे. ते व्रत होय. व्रतकाळात गुसाडी स्नान वर्ज्य मानतो आणि लोक त्यास देवरूप समजून वंदितात.

अलीकडे तोच टोप सभासमारंभांत पाहुण्यांच्या मस्तकी चढतो आणि छायाचित्रापुरता तेथे राहतो. देवपूजेचे सोवळे कोणी छायाचित्रासाठी नेसून उभा राहिला, तर आपणांस काय वाटेल?

कोणी म्हणेल, मार्लवाईच्या कनक राजूंनी हा नाच रंगमंचावर नेलाच ना? नेला, २०२१ साली त्यांना पद्मश्रीही मिळाली. परंतु २०२४ मध्ये दिवंगत झालेले राजू स्वतः गोंड होते, आणि तरुणांस त्यांनी पावले शिकविली. नुसता टोप वाटला नाही.

यजमानाने प्रेमाने दिलेला टोप नाकारणे हा अविनय होईल. तो दोन्ही हातांनी घ्यावा, वंदन करावे आणि परत द्यावा. आपण होऊन मागणे मात्र आम्हांस अप्रशस्त वाटते.