अनुताप, प्रायश्चित्त आणि कृपा : मराठी ख्रिस्ती साहित्यातील क्षमाविचार

मराठी ख्रिस्ती साहित्याकडे पाहताना समीक्षेने बहुधा दोन सोयीच्या वाटा पत्करल्या. एक, ‘ख्रिस्तपुराणा’तील मराठीच्या गौरवाची, दुसरी, रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या कवितेत वारकरी भक्तीचाच अनुवाद पाहण्याची. दोन्ही वाटा निराधार नाहीत. पण त्यांवरून जाताना या साहित्याच्या गाभ्याशी असलेली कल्पना नजरेआड होते. ती म्हणजे पश्चात्तापदग्ध मनुष्याला मिळणारी ईश्वरी क्षमा.

या कल्पनेसाठी मराठीला नवे शब्द घडवावे लागले नाहीत. ‘कृपा’ आणि ‘अनुताप’ हे शब्द संतवाणीने आधीच मराठी मनात रुजविले होते. त्यांच्या शेजारी मात्र आणखी एक शब्द उभा होता : ‘प्रायश्चित्त’. प्रायश्चित्तात दोषाचे मोजमाप असते, त्याच्या परिहाराचा विधी असतो आणि शेवटी समाजाने पंक्तीस घेणे असते. पुण्यात १८९० साली पंचहौद मिशनमधील चहापानावरून माजलेल्या ग्रामण्यात न्यायमूर्ती रानड्यांसारख्यांनाही प्रायश्चित्ताच्या प्रश्नाला सामोरे जावे लागले. तेथे अंतःकरणात काय घडले, हा प्रश्न गौण होता. विधी पुरा झाला की नाही, हा मुख्य. ख्रिस्ती लेखकाला ‘क्षमा’ हा शब्द उच्चारायचा होता तो अशा परिसरात.

लूकच्या शुभवर्तमानातील उधळ्या पुत्राची कथा या संदर्भात पुन्हा वाचण्याजोगी आहे. वाटणी उधळून कफल्लक झालेला मुलगा घरी परतताना बापापुढे काय बोलायचे ते मनाशी जुळवून ठेवतो : आपण अपराधी आहोत, पुत्र म्हणवून घेण्यास अपात्र आहोत, म्हणून आपल्याला मोलकऱ्यासारखे ठेवावे. यांतील शेवटची विनवणी त्याच्या तोंडून बाहेर पडतच नाही. तो दूर असतानाच बाप धावत गेलेला असतो. पश्चात्ताप येथे आहे, परंतु तो क्षमेची किंमत नव्हे. मोलकरी होऊन ऋण फेडण्याचा मुलाचा हिशेबच कृपा मोडून टाकते. प्रायश्चित्त आणि कृपा यांतील अंतर इतक्या थोडक्यात क्वचितच सांगितले गेले असेल.

फादर स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’ने (१६१६) हा विचार प्रथम ओवीत आणला. दुसऱ्या पुराणात ख्रिस्तचरित्र आहे. त्या चरित्रात अपराधी दोन : गुरूला पकडून देणारा यहूदा आणि गुरूला ओळखतच नाही असे तीनदा सांगणारा पेत्र. पस्तावतात दोघेही, पण एक निराशेने स्वतःचा अंत करतो, दुसरा रडतो आणि परत येतो. फरक अपराधाच्या वजनात शोधून सापडत नाही. तो क्षमेवरील विश्वासात आहे. तथापि ही ओवी ज्या गोमंतकात रचली गेली, तेथे १५६० सालापासून धर्मन्यायपीठाची दंडसत्ताही नांदत होती, हे अभ्यासकाने विसरू नये. क्षमेची वाणी आणि दंडाचे भय यांचे ते सान्निध्य या पुराणाच्या वाचनाला आजही अस्वस्थ करते.

पंडिता रमाबाईंच्या बाबतीत हा प्रश्न ग्रंथातून जीवनात उतरतो. इंग्लंडमध्ये १८८३ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. परंतु आपल्याला ख्रिस्ती धर्म लाभला होता, ख्रिस्त नव्हे, असे त्यांनी पुढे आपल्या आत्मनिवेदनात नमूद केले आहे. विद्या, सेवा आणि त्याग यांच्या बळावर जिचे मोठेपण निर्विवाद होते, त्या विदुषीने आपली पुण्याई अपुरी मानावी, हे सहज नव्हते. कृपा स्वीकारणे पापी मनुष्यापेक्षा सत्शील मनुष्याला अधिक कठीण जाते, हे त्यांच्या निवेदनातून कळते. कथेतील थोरला भाऊ अंगणात रुसून उभा राहतो, तो याच कारणाने.

टिळकांनी ख्रिस्ताकडे नेणाऱ्या वाटेवरील तुकारामांचे ऋण मोकळेपणाने मान्य केले. ‘अभंगांजली’त त्या ऋणाची साक्ष आहे. म्हणून त्यांची कविता केवळ भक्तिपरंपरेची पुनरुक्ती ठरत नाही; तिच्यातील आर्ततेला क्रुसावरील क्षमेचा आधार आहे. पण क्षमेचे सर्वांत जिवंत मराठी गद्य लिहिले ते लक्ष्मीबाईंनी. टिळकांनी १८९५ साली धर्मांतर केल्यावर मुलासह काढलेली ताटातुटीची वर्षे, स्वतःचे सोवळेओवळे, पतीचा रागीटपणा, यांतले काहीही ‘स्मृतिचित्रे’ लपवीत नाहीत. येथे क्षमेवर प्रवचन नाही. दुखावलेले सारे आठवते, पण त्याचे विष उरलेले नाही. ते विनोदात विरघळले आहे. क्षमा म्हणजे विस्मरण नव्हे, हे या आत्मचरित्राने सिद्धान्त न सांगता दाखविले.

मराठी ख्रिस्ती साहित्याचे मूल्य ठरविताना म्हणूनच शब्दांच्या साम्यावर थांबणे पुरेसे नाही. त्या शब्दांचा क्रम येथे बदलला आहे. आधी शुद्धी आणि मग स्वीकार, असा विधीचा क्रम. आधी स्वीकार आणि त्यातून शुद्धी, असा कृपेचा. संतांच्या अनुभवाला हा दुसरा क्रम परका नव्हता, आणि म्हणूनच तो मराठीत सहज बोलू शकला. समाजव्यवहाराला मात्र तो परका होता. या साहित्याचे खरे आव्हान त्या व्यवहाराला आहे, आणि ते अद्याप संपलेले नाही.