दोन बाकांमधले प्रवासवर्णन

दिवाळी अंक घरात आला, की आमच्याकडे त्याची वाटणी ठरलेली असते. कथा पत्नीच्या, व्यंगचित्रे आणि राशिभविष्य मुलांचे, आणि सर्वांचे वाचून झाल्यावर प्रवासवर्णन माझ्या वाट्याला. याबद्दल माझी तक्रार नाही. प्रवासवर्णन हा माझा जुना लोभ आहे. परंतु अलीकडे एक चमत्कारिक अनुभव येतो. लेख वाचून खाली ठेवावा, तर विमानतळ आठवतो, हॉटेलच्या खिडकीतून दिसणारी नदी आठवते, न्याहारीला पोहे मिळाले नाहीत हे दुःख तर चांगलेच आठवते. पण त्या देशातले एकही माणूस आठवत नाही. असे का होते, याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे. तो करताना मी इतरांबरोबर स्वतःचाही एक लेख तपासावयास घेणार आहे. शिक्षकाला तपासण्याची सवय असतेच. स्वतःचे तपासण्याची वेळ क्वचित येते.

वास्तविक वाटेवरच्या माणसांशी मराठीची ओळख फार जुनी आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले, ते चक्रधरस्वामींच्या सहवासात आलेल्या माणसांचा शोध घेत, त्यांना एकेक आठवण विचारीत. तो ग्रंथ प्रवासवर्णन म्हणून लिहिलेला नाही. तरी त्यातली गावे, देवळांच्या ओसऱ्या, भिक्षेच्या झोळ्या आणि वाटेत गाठ पडलेली माणसे बाजूला काढली, तर उरेल ते थोडेच. पुढे विष्णुभट गोडसे. वरसईचा हा भिक्षुक १८५७ साली दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघाला, आणि वाटेत भेटलेल्या शिपायांच्या तोंडून त्याला बंडाची बातमी कळली. झाशीत तो वेढ्यात सापडला, पुढे लुटला गेला, आणि अखेर गंगेची कावड घेऊन घरी परतला. चिं. वि. वैद्यांनी १९०७ साली प्रसिद्ध केलेला त्याचा ‘माझा प्रवास’ आजही हातातून सुटत नाही. झाशीच्या राणीचे त्यात दर्शन घडते हे खरेच. पण त्याहून मोठे कारण असे, की गोडसे भटजी पुढच्या मुक्कामासाठी सर्वस्वी परक्या माणसांवर अवलंबून आहेत. कोण ओसरी देईल, कोण शिधा देईल, कोण घात करील, हे ओळखल्याखेरीज त्यांची रात्र निभत नाही. त्यांना माणसे पाहावीच लागतात.

पंडिता रमाबाई १८८६ साली अमेरिकेस गेल्या. तेथील अनुभवांवरचे त्यांचे पुस्तक १८८९ साली निघाले. त्याला त्यांनी नाव दिले ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’. लोकस्थिती आधी, आपला प्रवास मागाहून. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो.

आता पूर्वेकडच्या देशांकडे वळू. तिकडे मराठी वाचकाला हाताला धरून नेले ते पु. ल. देशपांडे यांनी. युरोपवरची ‘अपूर्वाई’ १९६० साली आली आणि पूर्वेकडच्या प्रवासाचे ‘पूर्वरंग’ १९६३ साली. पहिल्याची कीर्ती मोठी. मला स्वतःला दुसरे अधिक मोकळे वाटते. विलायतेला जाणाऱ्या त्या पिढीच्या मनावर साहेबाचे थोडे दडपण असेच. पूर्वेकडे जाताना ते उतरते, आणि पेटी वाजविणारा, नाटकात वावरलेला हा लेखक तिकडच्या नाचण्यागाण्याकडे बरोबरीच्या नात्याने पाहतो. त्याचा कान शाबूत आहे, म्हणून त्याचा विनोदही शाबूत आहे. दुर्दैव असे, की मागून येणाऱ्यांनी पु. लं.चा कान उचलला नाही, फजितीचे विनोद तेवढे उचलले. फजितीच्या विनोदात गोष्ट अखेर स्वतःचीच असते. मग परदेश हा लेखकाच्या गंमतीजमतीचा पडदा होऊन मागे टांगला जातो, आणि पोह्यांचे दुःख पुढे येते.

या बाबतीत मीना प्रभु यांचे मोल वेगळे आहे. ‘दक्षिणरंग’, ‘चिनी माती’ अशी मोठमोठी पुस्तके त्यांनी लिहिली आणि एकेका देशाला पुरता वेळ दिला. त्यांच्या लेखनात माहितीचा भार क्वचित जड होतो, हे खरे; पण तेथे वाट चुकते, माणसे विचारावी लागतात, आणि विचारलेली माणसे पुस्तकात येतात. सहल कंपनीच्या बसमधून सात दिवसांत चार देश करणाऱ्या लेखकाला कोणाला काही विचारण्याचा प्रसंगच येत नाही. त्याचे पैसे आधीच भरलेले असतात. माणसांची गरज संपली, की माणसे दिसेनाशी होतात, असे माझे मत झाले.

मत झाले, पण ते पुस्तकी होते. ते तपासून पाहावे म्हणून २०२३ सालच्या मे महिन्यात पाठीवर एक पिशवी टाकून मी लाओसला गेलो. आकाराने हा देश महाराष्ट्राच्या तीनचतुर्थांश. माणसे मात्र पाऊण कोटीच्या आसपास. समुद्र नाही. मराठी प्रवासवर्णनांत तो क्वचितच भेटतो. बँकॉकहून रात्रीच्या गाडीने नाँगखाईपर्यंत गेलो, आणि १९९४ साली बांधलेल्या पुलावरून बसने मेकाँग नदी ओलांडून व्हिएन्तियान या राजधानीत उतरलो. एका रुपयाला दोनशेहून अधिक किप मिळत होते, तेव्हा पाच हजारांच्या मोडीतच मी दशलक्षाधीश झालो. पण त्या देशात महागाई भडकलेली होती, आणि माझे लक्षाधीशपण हे तेथल्या लोकांचे दारिद्र्य होते, हे कळावयास दोन दिवस लागले.

तेथून दक्षिणेस पाक्से हे शहर एका रात्रीच्या अंतरावर आहे. झोपण्याच्या बसमध्ये एका बिछान्यावर दोघे. एकट्या प्रवाशाला शेजारी कोण मिळेल ते नशीब. माझ्या नशिबी सिमेंटच्या धुळीचा वास येणारा एक तरुण आला. सकाळी उतरताना त्याने माझी चप्पल शोधून दिली. पाक्सेहून पुढे सोंगथेव. मालमोटारीला पाठीमागे छप्पर घालून समोरासमोर दोन लांब बाक ठोकलेले. सोंगथेव या शब्दाचा अर्थच दोन रांगा. ती भरल्याशिवाय सुटत नाही. आमच्या तालुक्यातल्या काळीपिवळी जीपला ज्याने अर्धा दिवस वाहिला आहे, त्याला हे समजावून सांगावे लागत नाही. दोन तास बसलो. तांदळाची पोती, बर्फाची पेटी, टोपलीतल्या कोंबड्या, आणि मग माणसे आली. समोरच्या आजीबाईंनी पाय पोत्यावर ठेवण्याची खूण केली, आणि गाडी हलल्यावर बांबूच्या छोट्या टोपलीतून चिकट भाताचा एक गोळा काढून माझ्या हातावर ठेवला. चिमूटभर भात बोटांनी वळून तिखटात बुडवून खायचा. मी खाल्ला. त्यांनी काहीतरी विचारले, मी काहीतरी सांगितले. दोघांनाही काही कळले नाही.

मी चालललो होतो वाट फू या देवळाकडे. चंपासाक गावाजवळ डोंगराच्या कुशीत हे प्राचीन शिवालय आहे. डोंगराच्या माथ्यावर निसर्गानेच घडविलेला सुळका उभा आहे, म्हणून त्याला लिंगपर्वत म्हणत. मागच्या कड्यातून झिरपणारे पाणी दगडी पन्हळीने आणून गाभाऱ्यातल्या लिंगावर अखंड अभिषेक होईल अशी योजना होती. त्या परिसरात सापडलेल्या पाचव्या शतकाच्या संस्कृत शिलालेखात देवानीक नावाचा राजा कुरुक्षेत्र नावाचे तीर्थ स्थापन करतो. युनेस्कोने २००१ साली या स्थळाला जागतिक वारशाचा मान दिला, आणि आपल्या पुरातत्त्व खात्यानेही तेथे जीर्णोद्धाराचे काम केले आहे. पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना आपला देवचाफा फुललेला. तेथे त्या फुलाला चंपाच म्हणतात, आणि तेच त्या देशाचे राष्ट्रीय फूल आहे. परळीच्या वैजनाथाला लहानपणापासून जाणाऱ्या माणसाची छाती फुगण्यास याहून अधिक काय हवे?

घरी आलो आणि लेख लिहिला. तो आता तपासतो. तीन हजार शब्दांत ‘आपली संस्कृती’ हा शब्दप्रयोग अकरा वेळा आहे. ‘निसर्गरम्य’ सहा वेळा, ‘शांत’ नऊ वेळा. शांत! १९६४ ते १९७३ या काळात अमेरिकेने या देशावर वीस लाख टनांहून अधिक बाँब टाकले. त्यांतले न फुटलेले आजही शेतांत आहेत, आणि नांगराखाली किंवा पोरांच्या हातात फुटतात. मी ज्या दक्षिण भागातून गेलो, त्याच्या पूर्वेकडच्या डोंगरपट्टीवरही ते पडले होते. ‘शांत’ हे विशेषण मी खिडकीतून घेतले, माणसांना विचारून घेतले नाही.

गाभाऱ्याचेही तसेच. तेथे आज लिंग नाही. बुद्धमूर्ती आहेत, आणि लोक त्यांच्यापुढे फुले आणि भात ठेवतात. लाओसच्या रामकथेचे नाव ‘फ्रा लाक फ्रा लाम’, म्हणजे लक्ष्मणाचे नाव आधी आणि रामाचे मागून. ती कथा त्यांनी आपली म्हणून सांगितली आहे. कोणाकडून उसनी आणल्याची पावती जवळ ठेवलेली नाही. मी मात्र माझ्या लेखात ती पावती दाखवीत फिरलो. आपले तेथे काय पोचले याची मोजदाद करणारा प्रवासी अखेर आपलेच घर पाहून येतो. आणि सोंगथेवमधल्या आजीबाई? त्यांच्या वाट्याला लेखात अर्धे वाक्य आले आहे: ‘स्थानिक लोक प्रेमळ आहेत.’ मी सार्वजनिक गाडीने गेलो, दोन तास थांबलो, परक्याच्या हातचा भात खाल्ला, आणि तरीही सहल कंपनीच्या बसमधलाच लेख लिहिला. तेव्हा माणसांची गरज लागली की माणसे दिसतात, हे माझे मतही अर्धेच खरे. डोळ्यांना आधी वळण लागलेले असते.

ते वळण कोठून लागते, हे मला गेल्या वर्षी कळले. शाळेचे कपाट आवरताना सातवीच्या परीक्षेच्या जुन्या उत्तरपत्रिका निघाल्या. लाओसला जाण्याच्या पंधरा दिवस आधी मीच तपासलेल्या. विषय ‘मी केलेला प्रवास’, मर्यादा वीस ओळी. एका ऊसतोड्याच्या मुलीने कारखान्याला जातानाचा प्रवास लिहिला होता. ट्रकमध्ये आधी बाजरीची पोती, मग पत्र्याची पेटी, मग कोयते गोणपाटात गुंडाळून, आणि सर्वांच्या वर पोरे व शेळी. उचल फिटली नाही म्हणून मुकादम चुलत्याशी काय बोलला. प्यायचे पाणी कोठे मिळाले आणि कोठे पंपावरच्या माणसाने नाही म्हटले. पंढरपूर रात्री गेले. नुसते दिवे दिसले. आजीने गाडीतूनच हात जोडले आणि तिला उठवून तिचेही जोडविले.

या ओळीखाली माझ्या हातची लाल रेघ आहे. शेजारी शेरा: ‘मंदिराचे वर्णन हवे होते. प्रेक्षणीय स्थळे नाहीत.’ दहापैकी चार गुण.

मी त्या कागदापुढे बराच वेळ बसलो. गोडसे भटजींची तारीफ वर्गात करणारा मी, त्यांच्याच जातकुळीचे लेखन हाती आले तेव्हा ते ओळखू शकलो नाही. आम्ही शिक्षक मंडळी सहलीच्या निबंधाचा जो साचा मुलांच्या हाती देतो, त्यातूनच पुढे दिवाळी अंकांतली प्रवासवर्णने निघतात. सूर्योदय, प्रेक्षणीय स्थळ, दुपारचे भोजन, ‘हा प्रवास माझ्या कायम स्मरणात राहील’. साच्यात जे बसत नाही ते चुकीचे. आणि ज्यांचा प्रवास साच्यात बसत नाही, अशी माणसे आमच्या जिल्ह्यात थोडी नाहीत. बीड शहरात पहिली आगगाडी आली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी. ज्या लाओसला आपण मागासलेला म्हणू, तेथे चीनच्या सरहद्दीपासून राजधानीपर्यंतची गाडी ३ डिसेंबर २०२१ पासून धावते आहे. पण आगगाडी नव्हती तेव्हाही आमची माणसे दरसाल दिवाळीच्या सुमारास सांगली, कोल्हापूर आणि पलीकडे कर्नाटकापर्यंत जात होती, अजूनही जातात. एवढ्या प्रवासाचे वर्णन मराठीत किती आहे, हे वाचकांनी आपल्या कपाटात पाहावे.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा फराळाची ताटे मांडलेली असतील, आणि आमच्या रस्त्यांवरून ट्रक निघालेले असतील. ती मुलगी दोन वर्षांपूर्वी शाळा सोडून गेली. यंदाही ती गाडीबरोबर गेली आहे; आता पोरांबरोबर वर बसण्याचे तिचे वय नाही, ती कोयत्यावर आहे. गुण वाढविण्याची सोय माझ्या हाती उरलेली नाही. निबंध मात्र मी उतरून ठेवला आहे. वीस ओळींची मर्यादा माझीच, त्यामुळे तो सांगोल्याच्या अलीकडे, ड्रायव्हर चहाला उतरलेला असताना थांबतो. उन्हाळ्यात माणसे परत येतील. तेव्हा तिच्या घरी जाऊन पुढचे विचारावयाचे आहे.