पाइपचं चिन्ह नसलेला कीबोर्ड

तुम्ही हे फोनवर वाचत असाल आणि तो फोन अँड्रॉइड असेल, तर आत्ता तुमच्या हातात लिनक्स आहे. आमच्या ऑफिसच्या सर्व्हरवर चालतो तोच कर्नल. मग मी २००९ सालचा जाडजूड नोकिया एन९०० सेकंडहँड घेऊन, स्वारगेट-बार्शी एसटीत बसून त्यावर प्रोग्राम लिहायचा हट्ट का करतो? रूममेटने विचारलं तेव्हा मी "हौस" म्हणून सुटलो. उत्तर खोटं नव्हतं, पण अपुरं होतं. त्या यंत्राला एकदा नीट तपासून बघावं असं तेव्हापासून डोक्यात आहे.

१८१ ग्रॅम वजन, साडेतीन इंची पडदा, खालून सरकून बाहेर येणारा तीन ओळींचा कीबोर्ड, ६०० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर आणि २५६ एमबी रॅम. त्यावरची मीमो ५ ही सिस्टिम डेबियनच्या कुळातली. टर्मिनल फोनसोबतच यायचं, पॅकेजेस 'ॲप्ट-गेट'ने उतरवायची, रूट व्हायला एक छोटं पॅकेज पुरे. असं यंत्र फोन म्हणून दुकानात विकायला ठेवलं होतं, याचं मला अजूनही नवल वाटतं.

आता तक्रारी. कीबोर्ड बनवणाऱ्यांनी टर्मिनल दिलं, पण ते कोणी वापरेल असं बहुधा धरलं नव्हतं. एस्केपचं बटण नाही. 'व्हीआय' वापरणाऱ्या माणसाला एस्केप न देणं म्हणजे रिक्षाला ब्रेक न देणं. ते पडद्याखालच्या पट्टीत बोटाने दाबावं लागतं. स्पेसबार मधोमध नसून उजवीकडे सरकवलेला, त्यामुळे पहिले चार दिवस माझे सगळे शब्द चिकटलेले. आणि पाइप नाही. ती उभी रेघ. एका कमांडचं आउटपुट दुसरीला द्यायचं, दुसरीचं तिसरीला, या एका युक्तीवर युनिक्सचा अर्धा संसार चालतो, आणि तिचं चिन्हच कीबोर्डवर छापलेलं नाही. महिरपी कंसही नाहीत. ते हवे असतील तर आधी चिन्हांचा तक्ता उघडायचा आणि त्यातून शोधून टिचकी मारायची. एसटी भिगवणच्या आसपास खड्ड्यात आदळत असताना ही टिचकी हमखास शेजारच्या चिन्हावर पडते.

पण याच तक्रारीपाशी मला हे यंत्र कळायला लागलं. कोणतं बटण दाबलं की कोणतं अक्षर उमटतं, हे एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहिलेलं आहे. ती उघडली, शिफ्ट आणि फंक्शन धरून पी दाबलं की पाइप यावा अशी एक ओळ बदलली, आणि पाइप आला. खरं सांगायचं तर पहिल्या वेळी आला नाही. मी एक कंस चुकवला, कीबोर्ड काहीच्या बाही लिहायला लागला, आणि घरी पोचून लॅपटॉपवरून एसएसएच करून फाइल सरळ करावी लागली. पण सर्व्हिस सेंटरला जावं लागलं नाही. कोणाची परवानगीही मागावी लागली नाही.

प्रवासात यावर काय लिहून होतं? चाळीस-पन्नास ओळींची पायथन स्क्रिप्ट. लॉगमधून एरर गाळणारं काहीतरी. सर्व्हरवर जाऊन अडकलेली एखादी प्रोसेस बघणं. मोठ्या कोडबेसमध्ये एक नाव दहा फाइलींमध्ये बदलायचं असेल तर विसरा. दोन अंगठ्यांनी टायपिंग मात्र एसटीत लॅपटॉपपेक्षा चांगलं जमतं, कारण मांडी मोकळी राहते आणि खिडकीशेजारच्या आजींचं गाठोडं कुठे ठेवायचं हा प्रश्न येत नाही. छोट्या पडद्यामुळे कोड नेटका होतो, असं काही शौकीन सांगतात. माझा अनुभव उलटा. माझी व्हेरिएबलं एका अक्षराची झाली आणि आठवड्याने 'टी' म्हणजे टाइम की टोटल हे मलाच कळेना.

शिवाय काळ. मूळ मीमोतलं पायथन २.५ आवृत्तीचं. सुरक्षित जोडणीची तंत्रं इतकी जुनी, की आजच्या बऱ्याच साइट्स ती दारातच अडवतात. म्हणून मी मेमरी कार्डवर 'मीमो लेस्ते' टाकलं. ही लोकांनी मिळून चालवलेली नवी आवृत्ती. ती चालते, पण बैलगाडीला जीपीएस लावल्यासारखी. बॅटरी १३२० एमएएचची, इंदापूर आलं की जीव टाकते. सुदैवाने ती काढता येते, आणि पुढे लुमिया ५२० मध्येही हीच बॅटरी असल्याने मोबाइल रिपेअरच्या दुकानांत अजून मिळते. खिशात दोन ठेवतो.

हे यंत्र पूर्ण मोकळं होतं, असंही म्हणता येत नाही. बॅटरी चार्ज करणारा प्रोग्राम बंदिस्त, ग्राफिक्सचा ड्रायव्हर बंदिस्त. फेब्रुवारी २०११ मध्ये नोकियाने मायक्रोसॉफ्टशी हातमिळवणी केली आणि या वाटेवरून कंपनी निघून गेली. जेवढा भाग उघडा होता तेवढा लोकांनी जगवला. बंद भागांसाठी त्यांना वर्षानुवर्षं डोकेफोड करावी लागली.

तरी मी हे सगळं हौस म्हणून सोडून दिलं असतं. अडलं ते मावसभावामुळे.

तो डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. घरी लॅपटॉप नाही, फोन आहे. आठ कोअर, सहा जीबी रॅम. माझ्या एन९०० च्या चोवीस पट. "दादा, यावर सी शिकता येईल ना?" मी छातीठोकपणे हो म्हटलं आणि टर्मक्स टाकायला सांगितलं. त्याने सहज प्ले स्टोअर उघडलं. मग मला समजवावं लागलं की तिथून नको, एफ-ड्रॉइडवरून घे. अँड्रॉइड १० पासून नवा नियम आला: ॲपने स्वतःच्या फोल्डरमध्ये लिहिलेली फाइल ते ॲप प्रोग्राम म्हणून चालवू शकत नाही. आता विचार करा, प्रोग्रामिंग शिकणं म्हणजे दुसरं काय असतं? फाइल लिहायची, कंपाइल करायची, चालवायची. टर्मक्सवाल्यांनी २०२० मध्ये प्ले स्टोअरवर अपडेट देणं थांबवलं ते यामुळेच. पुढे अँड्रॉइड १२ मध्ये आणखी एक भर: ॲपांनी सुरू केलेल्या उपप्रोसेस ३२ च्या वर गेल्या की सिस्टिम त्या मारायला लागते. एके रात्री भावाने 'सिग्नल ९' लिहिलेला स्क्रीनशॉट पाठवला. खाली प्रश्न: "माझं काय चुकलं?"

त्याचं काहीच चुकलं नव्हतं.

नियमांमागची कारणं खरी आहेत. याच फोनवर त्याची आई यूपीआयने पैसे पाठवते. कुठलंही ॲप कसलाही कोड उतरवून चालवू लागलं तर पहिली लूट तिचीच होईल. पण त्या नियमांनी मावशीला वाचवताना तिच्या मुलालाही चोरांच्या रांगेत उभं केलं. मधला दरवाजा ठेवता आला असता. गूगलने २०२५ मध्ये पिक्सेल फोनांवर डेबियन चालवणारं टर्मिनल दिलं, म्हणजे दरवाजा बांधता येत होता. पिक्सेल आमच्या घरात कोणाकडे नाही.

यावरून मला आपला सिंप्युटर आठवतो. बेंगळूरुच्या भारतीय विज्ञान संस्थेतले प्राध्यापक आणि एन्कोर सॉफ्टवेअरच्या लोकांनी बनवलेला, लिनक्सवर चालणारा खिशातला संगणक. 'अमिडा' नावाने तो २००४ मध्ये बाजारात आला. एक यंत्र गावातल्या अनेकांनी वापरावं, प्रत्येकाचं स्मार्टकार्ड वेगळं, अशी ती कल्पना. अपेक्षेइतका तो खपला नाही, त्यावर पुष्कळ लिहिलं गेलंय. मला खटकते ती वेगळी गोष्ट. त्याला कीबोर्ड नव्हता, स्टायलस होता. गावातला माणूस माहिती वाचेल, फॉर्म भरेल, इथपर्यंत विचार पोचला होता. तो प्रोग्राम लिहील, हे त्या आराखड्यात मला कुठे दिसत नाही. नोकियाने निदान टर्मिनल तरी ठेवलं, पाइप विसरले तरी.

दिवाळीत गावी गेलो तेव्हा एन९०० भावाकडे ठेवून आलो. चार्जिंगचं पोर्ट आधीच ढिलं आहे, या मॉडेलचं ते जुनं दुखणं, त्यामुळे बॅटरी बाहेर काढून चार्ज कर, असं बजावलं. त्याने पहिल्या दिवशी नाक मुरडलं. पडदा जोरात दाबावा लागतो, यूट्यूब नीट चालत नाही, आणि हे काय, एवढंसं. चारेक दिवस काहीच कळलं नाही. काल त्याचा मेसेज आला.

"दादा, सीमध्ये महिरपी कंस सारखे लागतात म्हणून ती फाइल बदलली. तुझा पाइप जरा हलवलाय. चालेल ना?"

कुठे हलवलाय ते त्याने अजून सांगितलेलं नाही.