महाडचा ठराव आणि आमचे साहित्य

मराठी साहित्यात नगरपालिका आली ती बहुतेक हसविण्यासाठी. आचार्य अत्रे यांचे ‘मी उभा आहे’ हे १९३९ सालचे नाटक या परंपरेचे ठळक उदाहरण होय. अत्रे स्वतः पुणे नगरपालिकेचे सभासद होते. तेव्हा निवडणुकीच्या धामधुमीची त्यांनी उडविलेली टर ऐकीव माहितीवरची नव्हे. उमेदवार आणि त्याची आश्वासने हे आमच्या विनोदाचे हक्काचे भांडवल आहे. परंतु निवडणूक आटोपल्यावर सभागृहात जे चालते, म्हणजे मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे, दिवाबत्तीचा खर्च मंजूर करणे, विहिरीतील गाळ काढण्याचा ठेका देणे, त्याकडे आमचे लेखक क्वचितच वळतात. त्यात नाट्य ते कसले, असे त्यांनी गृहीत धरलेले दिसते. हे गृहीत चुकीचे आहे, एवढेच आम्हांस येथे दाखवावयाचे आहे.

एग्मोरमधील कॉनेमारा ग्रंथालय १८९६ साली उघडले. १९५४ च्या ग्रंथप्रदान कायद्यान्वये ज्या ग्रंथालयांत देशभरातील पुस्तके जमा व्हावयाची, त्यांपैकी हे एक. त्यामुळे येथे येऊन पडलेल्या मराठी माणसास आपल्या भाषेचे पुस्तक अगदीच दुर्मिळ नाही. या विषयाचा विचार आमच्या मनात आला तो इब्सेनचे ‘जनशत्रू’ आणि डॉ. आंबेडकरांचे चरित्र ही दोन पुस्तके पाठोपाठ वाचल्यामुळे.

इब्सेनचे नाटक १८८२ सालचे. त्याच वर्षी मे महिन्यात लॉर्ड रिपन याने स्थानिक स्वराज्याविषयीचा आपला प्रसिद्ध ठराव केला. एग्मोरपासून जवळच असलेली चेन्नई महापालिकेची शुभ्र इमारत १९१३ पासून त्याचेच नाव मिरवीत आहे. इब्सेनच्या नाटकात एका लहान गावाचे भाग्य स्नानगृहांवर अवलंबून आहे. तेथील पाणी दूषित असल्याचे डॉक्टर स्टॉकमन सिद्ध करतो. पण नळ पुन्हा घालावयाचे तर खर्च मोठा, आणि तोवर स्नानगृहे बंद ठेवावी लागणार. नगराध्यक्ष हा डॉक्टरचाच सख्खा भाऊ. चौथ्या अंकातील जाहीर सभेत डॉक्टरला कोणी मारहाण करीत नाही. अध्यक्ष रीतसर निवडला जातो, सूचना रीतसर मांडली जाते, आणि पाण्याविषयीचा अहवाल वाचावयास उभ्या राहिलेल्या डॉक्टरचे तोंड सभेच्या नियमांनीच बंद केले जाते. शेवटी मतदान होऊन तो जनतेचा शत्रू ठरतो. विरुद्ध मत पडते ते एका दारुड्याचे! सभेच्या रुक्ष कामकाजातून इब्सेनने हे नाट्य उभे केले आहे.

आता आमच्याकडे पाहा. ऑगस्ट १९२३ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला: सरकारी पैशाने बांधलेली वा चालविलेली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने ही स्थळे अस्पृश्यांस खुली असावीत. त्यास अनुसरून महाडच्या नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये चवदार तळे सर्वांस खुले केल्याचा ठराव केला. सुरेंद्रनाथ टिपणीस यांचे नाव या प्रकरणात आदराने घेतले जाते. ठराव झाला, इतिवृत्तात नोंदला गेला, आणि तीन वर्षे तसाच पडून राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरचा समुदाय तळ्यावर गेला तो नवा हक्क मागावयास नव्हे, तर नगरपालिकेने कागदावर दिलेला हक्क बजावावयास. परतणाऱ्यांवर हल्ला झाला. पुढे पंचगव्याच्या घागरी ओतून तळे ‘शुद्ध’ करण्यात आले. आणि त्याच साली ऑगस्टमध्ये त्याच नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव रद्द केला.

या विषयावर मराठीत गीते आहेत, पोवाडे आहेत, कविता आहेत, आणि त्यांचे मोल आम्ही कमी लेखीत नाही. परंतु ते सारे तळ्याच्या काठावरचे आहे. चरित्रकारांनी दोन्ही ठरावांची नोंद घेतली आहे. त्या दोन सभांच्या आत शिरलेली कथा वा नाटक मात्र आमच्या वाचनात आलेले नाही. यामुळे एक मोठा दोष उत्पन्न होतो. अन्याय म्हणजे लाठ्या घेतलेला जमाव, अशी वाचकाची समजूत होते. वस्तुतः ऑगस्ट १९२७ मधील अन्याय करणारे सभासद खुर्च्यांवर बसलेले होते, आणि त्यांचे हत्यार म्हणजे विषयपत्रिकेवरील एक बाब होती. इब्सेनच्या गावात खरोखर दूषित असलेले पाणी शुद्ध ठरविले गेले. आमच्या गावात शुद्ध पाणी माणसाच्या स्पर्शाने दूषित ठरले. दोहोंकडे विवेकाचा पराभव मतांच्या मोजणीने झाला.

सभेचे कामकाज हा साहित्याचा विषयच नव्हे, असा आक्षेप कोणी घेईल. त्यास आमच्या रंगभूमीनेच उत्तर दिलेले आहे. तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मध्ये न्यायालयाची कोरडी रीत हीच छळाचे साधन बनते. गो. पु. देशपांडे यांनी १९७४ च्या ‘उद्ध्वस्त धर्मशाळा’मध्ये विद्यापीठाच्या चौकशी समितीपुढे बसविलेल्या एका माणसातून सबंध पिढीचा हिशेब मांडला. न्यायालय चालते, चौकशी समिती चालते. मग नगरपालिकेची सभा तेवढी का चालू नये?

आम्हां नोकरदारांस या नाट्याचे मर्म विशेष कळावे. ठराव आणि अंमल यांच्यामध्ये केवढी दरी असते, हे दप्तरात आयुष्य घालविणाऱ्यास सांगावयास नको. ‘कागदाने काय होते?’ असे आपणही वैतागून म्हणतो. महाडच्या दुसऱ्या ठरावाने त्याचे उत्तर दिले आहे. पहिला ठराव निर्जीव कागदच असता, तर तो रद्द करण्यासाठी सभा भरविण्याची गरज पडली नसती. तळ्यावर पाणी प्यालेल्यांनी तो कागद जिवंत केला, म्हणूनच तो मागे घ्यावा लागला. पुढे वाद न्यायालयात गेला, आणि मार्च १९३७ मध्ये उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला.

या तेरा वर्षांच्या कहाणीतील एक पात्र आमच्या मनातून जात नाही. दोन्ही सभांचे इतिवृत्त कोणी तरी लिहिलेच असेल. तो लेखनिक एकच होता काय? ‘खुले करण्यात यावे’ हे शब्द ज्याने वळणदार अक्षरात उतरविले, त्यालाच ‘रद्द करण्यात येत आहे’ हेही लिहावे लागले काय? लिहिताना तो क्षणभर थांबला असेल काय? इतिहासाने त्याची दखल घेतली नाही, आणि घेण्याचे कारणही नव्हते. साहित्याला मात्र ते कारण आहे.