‘कोस्टाओ’ : सोन्याचा भाव न सांगणारा चित्रपट

भिवंडीच्या माणसाला कराची सीमा नकाशात शोधावी लागत नाही. ठाण्याहून नाशिक महामार्गाला लागले की थोड्याच वेळात गोदामांची पत्र्याची छपरे दिसू लागतात. माल मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर उतरवता येतो, हे ती भातखाचरांवर उभी राहण्याचे एक मोठे कारण. 1 जुलै 2017 ला मुंबईची जकात गेली; गोदामे राहिली. हे रोज पाहत असल्यामुळे असेल, पण ‘कोस्टाओ’ पाहताना मनात सारखे येत होते : हे सोने चोरून का आणावे लागते आहे?

सेजल शाह दिग्दर्शित हा हिंदी चित्रपट 1 मे 2025 ला झी फाइव्हवर आला. तो गोव्यातील कस्टम अधिकारी कोस्टाओ फर्नांडिस यांच्यावर बेतलेला आहे. मे 1991 मध्ये तस्करीच्या सोन्याचा पाठलाग करताना झटापटीत समोरचा माणूस मेला आणि खुनाचा खटला अधिकाऱ्यावरच भरला गेला. सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला 1996 मध्ये. सीमाशुल्क कायद्याचे कलम 155 सद्भावनेने केलेल्या कामाला संरक्षण देते, पण ते पदरात पडायला इतकी वर्षे गेली.

पाठलाग, डिमेलो हा खलनायक (किशोर), सारे ठरलेल्या वाटेने जाते. चित्रपट जिवंत होतो तो घरात. नवाजुद्दीन सिद्दीकींचा कोस्टाओ शूर खरा, पण त्या शौर्याचा हप्ता बायकोमुलांनी भरायचा आहे, आणि त्यांना कुणी विचारलेले नाही. प्रिया बापटची मारिया चिडते तेव्हा ती कर्तव्याच्या आड येणारी बायको वाटत नाही. हिशेब मागणारी बाई वाटते.

तोच हिशेब दिग्दर्शिकेने सरकारकडे मागितला नाही, ही माझी तक्रार. 1968 चा सुवर्ण नियंत्रण कायदा 1990 मध्ये रद्द झाला होता, पण आयातीचे दार बंदच होते. देशातला भाव बाहेरच्यापेक्षा बराच चढा; त्या फरकावर होडीवाल्यापासून सराफापर्यंत साखळी पोसली जात होती. (पुढे 2013 मध्ये आयातशुल्क 10 टक्क्यांवर गेले, तेव्हा तस्करी पुन्हा फोफावली. जुलै 2024 मध्ये ते 15 वरून 6 टक्क्यांवर आणावे लागले.) हा फरक कथेतून वगळला की उरतो एक प्रामाणिक माणूस आणि एक वाईट माणूस. तसे चित्रपट आपल्याकडे ढिगाने आहेत.

29 फेब्रुवारी 1992 च्या अर्थसंकल्पात परदेशातून परतणाऱ्या भारतीयांना शुल्क भरून 5 किलोपर्यंत सोने आणण्याची मुभा जाहीर झाली. ज्या धातूपायी एक जीव गेला आणि एक घर विस्कटले, तो नऊ महिन्यांनी पावती फाडून आणण्याची सोय झाली. त्या संध्याकाळी फर्नांडिसांच्या घरी बातम्या लागल्या आहेत आणि मारिया नवऱ्याकडे पाहते आहे, एवढे एक दृश्य प्रिया बापटला द्यायला हवे होते.